राहू दे

“सत्कार ह्यांचा, आणि चक्का मी गाळायचा. ऐंशी वर्षं पुरी केली म्हणे! मग मी काय इतकी वर्षं सुट्टीवर होते?”

आई हे पुरणयंत्राला सांगत होती. शेजारी ओट्याला टेकून वेलदोडे सोलणारी हेमांगी गालातल्या गालात हसली. आपण मनातल्या मनात पुटपुटतोय अशी आईची पक्की समजूत असायची. डावा कान कित्येक वर्षांपूर्वी गेलेला, उजवा वयानं मंदावलेला. स्वतःच्या आवाजाचं माप तिला उरलं नव्हतं, त्यामुळे तिचं मनातलं थेट बैठकीच्या खोलीपर्यंत पोचायचं. आत्ताही तिथे अण्णांनी वर्तमानपत्राचं पान जरा जास्तच खडखडाट करत उलटलं. म्हणजे ऐकलं होतं. ढवळ्यांच्या घरात ऐकणं वेगळं आणि ऐकल्याचं दाखवणं वेगळं.

हेमांगीच्या हनुवटीखाली बारीकशी गुदगुली झाली. कानातल्या मण्यातून मऊ आवाज आला, “ठेवू?”

‘ठेव,’ ती मनात म्हणाली. ‘सुट्टीवर होते’ टिपकागदात जाऊन बसलं.

कादंबऱ्या लिहायला लागल्यापासून हेमांगीनं टिपणं ठेवायच्या सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या होत्या. विजेच्या बिलाच्या पाठीवर, लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर, औषधाच्या खोक्यावर लिहायचं आणि साबुदाण्याच्या रिकाम्या डब्यात कोंबायचं, ही पहिली तऱ्हा. त्या डब्यातून हवी ती चिठ्ठी कधीच मिळायची नाही, नको असलेली मात्र हात घालताच चिकटायची. मग फोनमध्ये बोलून ठेवणं सुरू झालं. ते इतकं साठलं की स्वतःचा आवाज ऐकायचाच तिला कंटाळा आला. लिहिणाऱ्याची खरी अडचण सुचण्याची नसते. सुचलेलं नेमकं हवं तेव्हा सापडत नाही, ही असते.

त्या दुखण्यावर दोनेक वर्षांपूर्वी टिपकागद निघाला. शाईच्या पेनांच्या जमान्यात ओली शाई शोषून घेणारा जाड कागद असायचा, त्यावरून हे नाव. वस्तू म्हणाल तर नखाएवढी, कातडीच्या रंगाची एक चकती. ती हनुवटीखाली चिकटवायची, तिचा बोलका मणी कानात घालायचा आणि विसरून जायचं.

त्यामागचं विज्ञान तसं साधं आहे. आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हा मन एकटंच बोलत नसतं. मेंदू जिभेला, टाळूला, घशाच्या स्नायूंना ‘तयार राहा’ असा निरोप धाडत असतो. ओठ हलत नाहीत, आवाज निघत नाही, पण स्नायूंपर्यंत विजेची एक क्षीण लहर पोचते. चकती ती लहर वाचते. सुरुवातीला महिनाभर ठरावीक मजकूर मनात वाचून दाखवला की तिला तुमच्या घशाची लिपी कळते. आजूबाजूची बोलणीही ती ऐकते, म्हणजे तुम्हाला जे सुचलं ते कशावरून सुचलं याचा धागा तिच्याकडे राहतो. काही महत्त्वाचं वाटलं की विचारते, “ठेवू?” तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं. मग जमलेली टिपणं ती लोणच्यासारखी मुरवत ठेवते, एकमेकांना जोडते, आणि सांगाल त्या विषयावर सरळ एक खर्डा काढून देते. कऱ्हाडकडच्या माणसाला खर्डा म्हटलं की आधी मिरचीचा आठवतो. पुढे जे झालं ते पाहता त्यात फार चूक नव्हती.

यंत्र बनवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट आढळली होती. सगळ्यात जोरदार लहर बोललेल्या शब्दाची नसते, सहज मनात आलेल्याचीही नसते. ती असते जिभेवर येऊन परतवलेल्या शब्दाची. ‘बोल’ आणि ‘गप्प’ हे दोन हुकूम एकाच स्नायूवर एकाच वेळी आदळतात आणि लहर उसळते. गिळलेला शब्द म्हणतात तो हाच. यंत्र बनवणारे वयानं तरुण. त्यांनी विचार केला, ज्याला एवढी ताकद लागते ते नक्कीच महत्त्वाचं असणार. त्यांनी गिळलेल्या शब्दांना सगळ्यांत वरचा मान दिला. आपल्याकडची एक संसारी बाई सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत किती शब्द गिळते याची त्या बिचाऱ्यांना काय कल्पना?

अण्णांच्या, म्हणजे ढवळे सरांच्या, माजी विद्यार्थ्यांनी गौरवग्रंथ काढायचं ठरवलं, तेव्हा मुख्य चरित्रलेख लेखिका असलेल्या मुलीनंच लिहायचा हे ओघानंच आलं. संपादन हेमांगीच्या थोरल्या भावाकडे, मंदारकडे. ग्रंथाचं नाव समितीनं आधीच पक्कं केलं होतं: ‘उजवी बाजू’. त्यालाही कारण होतं. ढवळे बाईंचा, म्हणजे आईचा, डावा कान सर्दीनं फुटला आणि तेव्हापासून सर कायम त्यांच्या उजव्या हाताला चालतात, उजव्या हाताला बसतात, सभेत कोण काय म्हणालं ते हळूच त्यांच्या चांगल्या कानात सांगतात, ही कथा कऱ्हाडात घराघरांत माहीत होती. लग्न ठरलेल्या मुलांना ती उदाहरण म्हणून ऐकवत. हेमांगीच्या लेखात तो प्रसंग हवाच, किंबहुना लेखाचा गाभाच तो, असं समितीनं कळवलं होतं.

ती महिनाभर माहेरी येऊन राहिली, माणसांना भेटली, टिपकागदाला टिपू दिलं, आणि शेवटी म्हणाली, काढ खर्डा. आळस असा की खर्डा निघाला की तो आपोआप मंदारकडेही जाईल अशी सोय तिनं करून ठेवली होती. स्वतः वाचायच्या आधी.

वेलदोडे सोलून होतायत तोच मंदार आला. आईला “काय गं, श्रीखंड का?” विचारून, उत्तर न ऐकता त्यानं हेमांगीला मागच्या गॅलरीत नेलं आणि फोन तिच्यापुढे धरला.

“हेमे, हे काय आहे?”

तिनं वाचलं. ‘आईचा डावा कान अण्णांनी फोडला. घरात नाही असं सांग म्हटलेलं असताना दारात आलेल्या पालकांना ती “आहेत ना” म्हणाली, एवढ्यावरून. नंतर त्यांनी आयुष्यभर तिची उजवी बाजू धरली, कारण डाव्या बाजूला काय होतं ते त्यांना माहीत होतं.’

शेवटचं वाक्य चांगलं झालंय, हा हेमांगीच्या मनात आलेला पहिला विचार. लिहिणारी जात बेशरम असते.

“दादा, मी हे लिहिलेलं नाही.”

“मग कुणी लिहिलं? माझ्याकडे तुझ्या नावानं आलंय.”

“माझ्या घशानं लिहिलं असेल.”

“थट्टा सुचतीये तुला? समितीत अजून कुणी बघितलं नाही, नशीब समज.”

“खोटं आहे का?”

मंदार शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिला. “खरं-खोटं हा मुद्दाच नाहीये. ‘फोडला’च्या जागी ‘फुटला’ कर, पुढची दोन वाक्यं काढ. एवढं तर काम आहे. फुटतो की माणसाचा कान.”

फुटतो. हेमांगीला आपल्या भाषेचंच नवल वाटलं. कप फुटतो, दूध उतू जातं, लग्न मोडतं, कान फुटतो. सगळं आपलं आपण. घरात जणू माणसं राहतच नाहीत, क्रियापदंच नांदतात.

“सर्दीनं?” तिनं विचारलं.

“त्या काळी घरोघरी असायचं गं असलं.”

“त्या काळी म्हणजे कधी? पेशवाईत? घरात रंगीत टीव्ही होता, दादा. तू त्यावर मॅच बघत होतास. आवाज मोठा केलास तू.”

“तू लहान होतीस. तुला काय आठवतंय!”

“आवाज आठवतोय.”

मंदारचा चेहरा क्षणभर बारा वर्षांच्या मुलासारखा झाला आणि लगेच संपादकासारखा. “आता ऐंशीच्या माणसाला शिक्षा करायचीय का तुला? आणि आईनं कधी एका शब्दानं तक्रार केलीये? तिचं काही नाही, आणि तुझंच काय मध्ये? रविवारी समितीचे कणसे येतायत लेख ऐकायला. सोमवारी छपाईला जायचंय. तेवढा परिच्छेद नीट कर.”

तो गेला. जाताना आईला म्हणाला, “श्रीखंडात साखर बेतानं घाल हं, अण्णांना चालत नाही.”

हेमांगीनं त्याच गॅलरीतून टिपकागदाच्या मदत केंद्राला फोन लावला. माणूस मिळेपर्यंत तिला तीन जाहिराती ऐकाव्या लागल्या, त्यांतली एक ‘तुमचा एकही शब्द वाया जाणार नाही’ अशी होती.

“नमस्कार, मी रेवती. काय मदत करू, मॅडम?”

“मी टाकून दिलेली टिपणं तुमच्या यंत्रानं ठेवली कशी, ते सांगा.”

थोडी खुडबुड झाली. “हं, दिसतंय मॅडम. ‘फोडला’ हा शब्द आहे, त्याला जोडून दारातल्या पालकांचंही आहे. तुमच्या आसपास कुणी ‘कान फुटला’ म्हणालं की दर वेळी तो आलाय. खूप वरचा मान मिळालाय त्याला. पण टाकलेला नाहीये तुम्ही. दर वेळी ठेवायला सांगितलंय.”

“मी? दर वेळी मी ‘राहू दे’ म्हणाले!”

“हो ना मॅडम. म्हणूनच राहू दिलं.”

हेमांगीनं गॅलरीचा कठडा धरला. “रेवती, तुम्ही मूळच्या कुठल्या?”

“सातारा, मॅडम.”

“वा, म्हणजे घरातल्याच. आईला तुम्ही विचारलंत, भांडी घासू का? ती म्हणाली राहू दे. तुम्ही काय कराल?”

“नाही घासणार.”

“आणि जेवणाऱ्याला विचारलंत, ताट उचलू का? तो म्हणाला राहू दे.”

“ताट… तिथंच ठेवीन. अगंबाई. मॅडम, हे मी वरती कळवते.”

“कळवा. आणि हेही कळवा की मराठी माणसाला एखादी गोष्ट नको असते तेव्हा तो राहू दे म्हणतो, हवी असते तेव्हाही राहू दे म्हणतो, आणि सगळ्यात जास्त वेळा, सांगायची हिंमत नसते तेव्हा म्हणतो.”

“पण मॅडम, तुमची अडचण आत्ता लगेच सुटेल,” रेवती उत्साहानं म्हणाली. “‘सौम्य’ म्हणून नवीन सोय आलीये. आत्मचरित्रं, श्रद्धांजल्या, गौरवग्रंथ, यांसाठी खास. मारलं असेल तिथे मतभेद झाले असं येतं. हाकललं असेल तिथे वेगळे राहू लागले. खूप कुटुंबांकडून मागणी होती. तुमच्या परिच्छेदावर चालवून बघू?”

हेमांगी नको म्हणाली असती. पण लिहिणाऱ्याला कुतूहल आवरत नाही. “चालवा.”

पापणी लवायच्या आत परिच्छेद आला. ‘आईचा डावा कान सर्दीच्या आजारात फुटला. त्यानंतर अण्णांनी आयुष्यभर तिची उजवी बाजू धरली.’ वाचायलाही गोड. गावातल्या त्या कथेचा एकेक शब्द यंत्रानं बरोबर पकडला होता. तिच्या टिपणांत कऱ्हाडातल्या माणसांनी सांगितलेली ती कथा होतीच की, चिकार.

तिनं फोन ठेवला आणि तिला संताप आला. संताप रेवतीचा नव्हता. एका मारकुट्या दुपारीवर साखर पेरायला या घराला सगळं आयुष्य लागलं होतं. आई डॉक्टरकडे गेली नाही, कारण डॉक्टरनं विचारलं असतं. तेव्हाच दाखवलं असतं तर कानाच्या पडद्यावर उपचार झाला असता. दाखवलं नाही म्हणून कान वाहत राहिला, आतली हाडं झिजली, आणि कान कायमचा गेला. म्हणजे कान एकदा फोडला आणि मग तो झाकण्यासाठी पुरता घालवला. या सगळ्यावर साखर पेरायचं जे काम इतकी वर्षं आजी, काका, शेजारी, मंदार आणि ती स्वतः राबून करत होते, ते यंत्र आता एका बटणावर करून देत होतं. शिवाय वर म्हणत होतं, खूप कुटुंबांकडून मागणी होती.

आणि या माणसाच्या पाया अर्ध्या गावानं पडायचं ते तो आईचा उजवा कान अडवून बसतो म्हणून! ती सभेत काय ऐकणार, हे इतकी वर्षं अण्णाच ठरवत आले होते. याला गावात प्रेम म्हणतात.

दुपारी आई पलंगावर सत्काराच्या साड्या पसरून बसली होती. तिच्या उशाशी मंदारनं आणलेला तो चष्मा पडलेला होता, समोरच्याचं बोलणं काचेवर अक्षरांत दाखवणारा. तो ती लावत नसे. लोक जे बोलतात ते ऐकवत नाही, वर वाचू कशाला, असं तिचं म्हणणं. हेमांगी तिच्या उजव्या बाजूला बसली.

“आई, पुस्तकात तुझ्या कानाचं येणारेय.”

“येऊ दे की. येतंच सगळीकडे.”

“सगळे लिहितात तसं लिहू, का…” तिथं हेमांगीच्या घशात शब्द आला आणि थांबला.

आईनं साडीची घडी उलगडली, परत घातली. “राहू दे,” ती म्हणाली. “ही मोरपंखी बरी का जांभळी?”

“ठेवू?” हेमांगीच्या कानात मणी कुजबुजला.

काय ठेवू? कान राहू दे, का सर्दी राहू दे, का नुसतंच आता मरू दे? तिला एकदम जाणवलं, आपणही आत्ता आईच्या त्या शब्दाचा सोयीचा अर्थ लावायला निघालो होतो. सोयीचा म्हणजे मंदारच्या सोयीचा, किंवा आपल्या कादंबरीच्या. यंत्रानं निदान विचारलं तरी होतं. आईला आजवर तेवढंही कुणी विचारलेलं नव्हतं. तिच्या कानाची कथा गाव सांगत होतं, अण्णा ऐकून मान खाली घालत होते, मंदार छापत होता, आता आपणही आपल्या घशातून काढली. कान कुणाचा?

हेमांगीनं हनुवटीखालची चकती नखानं उचकटून काढली. जरा कातडी ओढली गेली. “मोरपंखी,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीत कणसे वकील येऊन बसले. सरांच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, समितीचे अध्यक्ष, आणि सरांसमोर अजूनही खुर्चीच्या कडेवर बसणारे. अण्णा त्यांच्या खुर्चीत, त्यांच्या डाव्या हाताला मोरपंखी साडीतली आई, म्हणजे अण्णा नेहमीप्रमाणे तिच्या उजवीकडे. मंदार दाराशी उभा. त्यानं, आपोआप त्याच्याकडेही पोचलेल्या सौम्य परिच्छेदाची छापील प्रत हेमांगीच्या हातातल्या कागदांत सरकवून ठेवली होती.

हेमांगी वाचायला लागली. सरांचं बालपण, एसटीनं केलेलं शिक्षण, गणिताच्या तासाला फळ्यावर काढलेले हत्ती. ते सगळं खरं होतं आणि तिनं मनापासून लिहिलं होतं. अण्णा हत्तींपाशी हसले. वाईट माणसावर रागावणं किती सोपं असतं! त्यांनीच तिला सायकल शिकवली होती, ढोपर फुटलं तेव्हा फुंकर घातली होती.

“बाई, ऐकताय ना?” कणसे मोठ्यानं म्हणाले.

अण्णा आईच्या कानाशी वाकले. “छान लिहिलंय म्हणतात,” त्यांनी सांगितलं.

कणसे तसं म्हणालेच नव्हते.

“आता ते येऊ द्या, ताई,” कणसे हात चोळत म्हणाले. “उजव्या बाजूचं. खरं सांगू का, माझ्या दोन्ही मुलांच्या लग्नात मी सरांचं हेच उदाहरण दिलंय.”

हेमांगीनं पान उलटलं. पहिलं वाक्य डोळ्यांपुढे होतं. ‘आईचा डावा कान सर्दीच्या आजारात फुटला.’ वाचलं असतं तर संपलं असतं. पानावर तिचं नाव होतं. सोमवारी ते छापून आलं असतं, आणि मग आई गेल्यावरही तेच राहिलं असतं.

तिनं कागद मांडीवर पालथे घातले.

“हे मला लिहिता येत नाही.”

“म्हणजे?” कणसे म्हणाले.

“हेमे,” मंदार दारातून म्हणाला. त्या हाकेत विनवणीही होती.

“कान माझा नाही, वकीलसाहेब. दादाचा नाही. अण्णांचाही नाही. ज्याचा आहे त्याला विचारून लिहीन.”

“हेमांगी, पुढे वाच,” अण्णा म्हणाले. तो आवाज वर्गातला होता. त्या आवाजासरशी कणसेसुद्धा सरळ बसले.

हेमांगी उठली. “अण्णा, जरा सरका.”

अण्णा सरकले नाहीत. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर तसेच राहिले. तेव्हा ती त्यांच्या आणि आईच्या खुर्चीमधल्या फटीत शिरली, जमिनीवर गुडघे टेकून बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा वडिलांकडे पाठ करून आईच्या उजव्या कानाशी आली. गुडघे दुखले. जागा अडचणीची होती.

“आई, तुझा डावा कान कशानं गेला?”

“आईला कशाला त्रास देतेस!” मंदार म्हणाला. “तिला आठवतंय थोडंच!”

आईनं मंदारकडे बघितलं. मग कणसेंकडे. ते अजून त्यांची गोष्ट ऐकायला मिळेल या आशेनं किंचित हसत होते. मग हेमांगीच्या डोक्यावरून पलीकडे, अण्णांकडे, बराच वेळ. हेमांगीला अण्णांचा चेहरा दिसत नव्हता. पाठीमागून त्यांचा श्वास तेवढा येत होता.

“आई?”

आईनं साडीचा पदर नीट केला.

“सर्दी नव्हती झाली मला,” ती कणसेंना म्हणाली. “ह्यांनी मारलं.”